टिंब विसरलीस

मित्रांनो, मी एक जुनी कळ आहे. पोटात येते ती नव्हे, आणि शेजारीपाजारी एकमेकांची काढतात ती तर नव्हेच नव्हे. मी संगणकाच्या कीबोर्डवरची कळ. आमच्या घराचं ठेवणीतलं नाव 'कळफलक' असं आहे, पण ते फक्त पाहुण्यांसमोर काढतात. रोजच्या वापरात कीबोर्डच.

अक्षरांच्या सगळ्यांत खालच्या ओळीत, डाव्या हाताला मी राहते. माझ्या अंगावर दोन खुणा होत्या. इंग्रजी लिहिताना मला दाबलं की फुलीसारखं एक अक्षर उमटायचं. मराठी लिहिताना दाबलं की अक्षराच्या डोक्यावर टिंब बसायचं. त्याला तुम्ही शाळेत अनुस्वार म्हणता. चुकलेल्या उत्तरावर बाई मारतात ती फुली, आणि अक्षराच्या माथ्यावर चढतं ते टिंब. असा मान आणि अपमान दोन्ही अंगावर घेऊनच मी जन्माला आले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिकचा रस साच्यात पडला, थंड झाला, आणि आम्ही भावंडं टपाटप बाहेर पडलो. आमच्यात सगळ्यांत लांबरुंद होती ती कोरी जागा सोडणारी कळ. तिला काहीच उमटवता येत नाही, पण तिच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. घरोघरी एखादी थोरली बहीण असते ना, तशी.

तपासणी करणाऱ्या बाईने मला पहिल्यांदा दाबलं तो क्षण मी कधीच विसरणार नाही. मी खाली दबले. माझ्या पोटाखालचा पातळ पापुद्रा कशाला तरी टेकला. आणि समोर, माझ्यापासून हातभर लांब, उजेडाच्या चौकटीत एक टिंब उगवलं! मी इथे खाली, आणि माझं काम तिथे वर. त्यानंतर मी अगणित वेळा दबले असेन, पण ते नवल अजून माझ्या अंगातून गेलेलं नाही.

माझ्या नशिबाने मी एका टंकलेखन करणाऱ्या बाईंच्या दुकानात आले. त्यांना सगळा मोहल्ला आत्या म्हणायचा, म्हणून मीही आत्याच म्हणते. दुकान नोंदणी कचेरीच्या समोर, जिन्याखालच्या जागेत. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीचा हात तुटका. खोकणारं छपाईयंत्र आणि भिंतीवर 'अर्ज टंकून मिळतील' अशी पाटी. लोक यायचे, तुटक्या हाताच्या खुर्चीत जपून बसायचे आणि आपलं गाऱ्हाणं सांगायचे. आत्याची बोटं ते ऐकत ऐकत आमच्यावरून धावायची.

एकदा एक आजोबा आले. शेजाऱ्याची भिंत त्यांच्या अंगणात सरकली होती. ते म्हणाले, "माझं कुणी ऐकून घेतलं नाही. सांगून सांगून तोंड दुखलं." आत्याने तसंच्या तसं टंकलं. 'माझं', 'घेतलं', 'दुखलं'. या तिघांच्या टोकांवर मी तीनदा दबले आणि खूश झाले.

थोड्या वेळाने आजोबा कागद घेऊन परत आले. मागोमाग कचेरीतले हेडक्लार्क. "बाई," ते म्हणाले, "अर्ज आहे हा. ओट्यावरच्या गप्पा नव्हेत. 'घेतलं' काय, 'दुखलं' काय! 'घेतले' लिहा. टिंबं काढा ती."

आत्याने निमूटपणे टिंबं काढली. 'माझे कोणी ऐकून घेतले नाही.' आजोबांनी नवा कागद डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "हे मीच म्हणालो का?"

मित्रांनो, त्या दिवशी मला माझी जागा कळली. 'आनंद', 'चिंता', 'संध्याकाळ' या शब्दांत मी सगळीकडे लागते, कचेरीतसुद्धा. पण 'झालं', 'केलं', 'बरं' यांच्या टोकावरचं टिंब तोंडातून आलेलं असतं. माणसं जशी बोलतात तसं लिहायला गेलं की मी लागते. नीट कपडे घालून कचेरीत जायचं झालं की 'झालं'चं 'झाले' होतं आणि मला बाहेर पायरीवर बसवतात. आज मोठी माणसं शुद्धलेखन शुद्धलेखन म्हणून ज्या टिंबासाठी मुलांना रागावतात, त्यालाच त्या कचेरीने गप्पिष्ट म्हणून हाकललं होतं. जगाची ही तऱ्हा बघून मी थक्क झाले.

पुढे कचेरीचे अर्ज परस्पर यंत्रावर भरले जाऊ लागले. आत्याने दुकान आवरलं, पाटी उतरवली आणि संगणकासकट आम्हाला घरी आणलं. खिडकीजवळच्या टेबलावर आमची जागा झाली. आणि तिथे मला भिंगरी भेटली.

भिंगरी म्हणजे आत्याची भाची, तिच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ-भावजय कामासाठी लांब राहायचे, म्हणून पोर आत्याकडे. एका जागी म्हणून ठरायची नाही, तेव्हा खरं नाव कागदावरच राहिलं आणि भिंगरी हेच नाव पडलं. संध्याकाळी आत्या भावाला पत्र टंकायला बसली की भिंगरी तिच्या मांडीवर चढायची.

"तू नुसती बस हं," आत्या म्हणायची.

"मीपण लिहिणार!"

"बरं, मी अक्षरं लिहिते. टिंब तुझं."

आणि खेळ सुरू व्हायचा. 'आज दूध सांडल', आत्या थांबायची. भिंगरीचं चिकट बोट माझ्यावर यायचं. टक्! 'सांडलं'. 'मग रडण झाल'. टक्, टक्. कधी मांजर दिसलं की भिंगरी उडी मारून पळायची, आणि आत्या मागून हाक द्यायची, "टिंब विसरलीस!" की ती तशीच वळून यायची, मला दाबायची आणि दोघी हसत सुटायच्या. पुढे पुढे भिंगरी मुद्दाम विसरू लागली. मला दाबण्यापेक्षा ती हाक ऐकण्यात तिला जास्त गोडी होती.

'टिंब विसरलीस' हे त्या घरात रागावणं नव्हतं. 'ये गं इकडे' या वाक्याचं ते लाडाचं नाव होतं. हे फक्त तिघींना ठाऊक होतं: आत्याला, भिंगरीला आणि मला.

मुलं मोठी होतात, कळा जुन्या होतात. भिंगरी समुद्राचा अभ्यास करायला लांबच्या शहरात गेली. आत्याचा फोन साधा, बोलण्यापुरता. म्हणून जाण्याआधी तिने आत्याला संगणकावर गप्पांचं खातं उघडून दिलं. आणि एके दिवशी त्या खात्यात पाच इंग्रजी अक्षरं येऊन उभी राहिली. जे, व्ही, एल, एस, के.

शिवणकाम करणाऱ्या शेजारच्या वहिनी तेव्हा तिथेच होत्या. आत्या हरखून म्हणाली, "वहिनी, भिंगरीला शिकता शिकताच नोकरी लागली वाटतं! ही बघा, कंपनी. जेव्हीएलएसके."

वहिनींनी वाकून पाहिलं आणि अशा हसल्या, की तोंडात धरलेल्या टाचण्या जमिनीवर पडल्या. "अहो आत्या, कसली कंपनी! पोरगी विचारतेय, जेवलीस का?"

"मग स्वरांनी काय घोडं मारलंय हिचं?"

"आजकाल असंच लिहितात. माझा मुलगा तर नुसता 'के' पाठवतो. ओकेमधला ओसुद्धा जड होतो त्याला."

आत्याने कपाळाला हात लावला. पण मित्रांनो, मी मात्र अवाक होऊन त्या पाच अक्षरांकडे पाहत होते. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. आणि तरी कुठल्याशा लांबच्या खोलीतून एका मुलीने आपल्या आत्याच्या पोटाची चौकशी केली होती, आणि ती शाबूत पोचली होती! सामान सगळं टाकून दिलं, पण माया तेवढी हातात धरून आणली, असं ते पत्र होतं.

हळूहळू आत्याही शिकली. भिंगरीच्या 'हम्म'मध्ये इंग्रजी एम एकच असला तर ती ऐकतेय, दोन असले तर विचार करतेय, आणि तीन असले तर रुसलीय, हे तिने वहिनींनाही समजावलं. पण स्वतः लिहायची ती पहिल्यासारखंच. पूर्ण शब्द, जागच्या जागी ऱ्हस्व-दीर्घ, आणि वाक्य संपलं की पूर्णविराम.

सुट्टीत घरी आलेली भिंगरी म्हणाली, "आत्या, तू तो पूर्णविराम देतेस ना, ते दार आपटल्यासारखं वाटतं गं."

"अगं, वाक्य संपलं की देतात तो!"

"गप्पांत वाक्य संपत नाही. पाठवलं की आपोआप संपतं. 'मी बरी आहे' असं लिहिलंस तर तू बरी आहेस. पुढे टिंब ठोकलंस तर तू रागावली आहेस."

"आणि तू तीन-तीन उद्गारचिन्हं ठोकतेस, तेव्हा काय घराला आग लागलेली असते?"

भिंगरी हसली आणि कुणा मैत्रिणीला उत्तर लिहायला आमच्यासमोर बसली. तिचं बोट थेट माझ्यावर आलं. माझा जीव सुपाएवढा झाला. पण उमटली ती फुली. 'थँक्स' या शब्दातलं सगळं वगळून तिने जी चार अक्षरं ठेवली होती, त्यांत मी होते. असो. कामाला कमीपणा मानू नये. पण टिंबासाठी मला शोधणारं ते चिकट बोट आता कोरडं, लांब आणि घाईत होतं, हे मला जाणवलं.

आणि मग ती मोठी बातमी आली. आत्याच्या घरच्यांचा गप्पांचा एक गट होता, 'आपली माणसं' नावाचा. काका, मावश्या, चुलत-मावस भावंडं, सगळे त्यात. तिथे भिंगरीने चक्क मराठी अक्षरांत लिहिलं. सवय गेलेली, घाई झालेली, आनंद मावत नसलेला.

'मला निवडल!!! समुद्र मोजणाऱ्या जहाजावर!!! पुढच्या महिन्यात निघायच'

आत्या उठून उभी राहिली, पुन्हा बसली. ती हसत होती आणि चष्मा पुसत होती. तिला त्या क्षणी मांडीवरची भिंगरी दिसत असणार. कारण तिने दुसरं काही सुचायच्या आत लिहिलं:

'निवडलं. टिंब विसरलीस.'

आणि पाठवून दिलं. पुढे ती अजून लिहिणार होती. शाबासकी, आशीर्वाद, सगळं. पण तेवढ्यात गट जागा झाला.

'वा! परीक्षक हजर!' काकांनी लिहिलं.

'लाल पेन आलं रे, पळा!' एक चुलतभाऊ म्हणाला.

'भिंगरी, जहाजावर शुद्धलेखनाची परीक्षा असते म्हणे.' मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एवढी मोठी बातमी खाली खाली सरकत दिसेनाशी झाली आणि टिंगल तेवढी वर राहिली. थोड्याच वेळात एक राखाडी ओळ उमटली.

'भिंगरी गटातून बाहेर पडली.'

आत्याचा हात दचकून मागे गेला तो चहाच्या कपावर. गोड, गरम चहा आमच्या खालच्या ओळीत शिरला. बाकीच्यांच्या अंगावर शिंतोडेच उडाले, माझ्या मात्र पोटापर्यंत गेला. आत्याने पदराने पुसलं, बोर्ड उलटा करून झटकला. पण चहा वाळला, साखर चिकटली, आणि मी अर्धवट खाली अडकले ती ना पुरती टेकले, ना वर आले.

आत्याने भिंगरीला फोन लावला. तो वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग ती बोर्ड घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथला माणूस म्हणाला, "एवढ्या जुन्याला कुठे हात लावता! टाकून द्या, नवा घ्या."

"टाकायला तो काय केर आहे?" असं म्हणून आत्या आम्हाला काखेत घालून परत आली.

आता तिला भिंगरीला लिहायचं होतं. आणि मित्रांनो, मी नव्हते! आत्या चुकीचं लिहील तर ती आत्या कसली? टिंब नाही, तर टिंब न लागणारे शब्द घ्यायचे. 'असं' नाही, तर 'असे'. 'लिहिलं' नाही, तर 'लिहिले'. जी भाषा तिने आयुष्यभर परक्या लोकांच्या अर्जांत वापरली, तीच तिला आपल्या भाचीसाठी वापरावी लागली.

'तू रागावली आहेस असे वाटते. मी सहज लिहिले होते. मन दुखावले असल्यास क्षमस्व. निघण्यापूर्वी रविवारी येऊन जावेस. किती वाजता येशील ते कळव.'

वहिनींनी ते वाचलं आणि डोळे मोठे केले. "आत्या, ही भाचीला चिठ्ठी आहे, की घर रिकामं करायची नोटीस?"

"काय करू? टिंबच उमटत नाही. बोलल्यासारखं लिहिताच येत नाही मला."

मी खड्ड्यात अडकून हे ऐकत होते. पायरीवर बसवलेली मी, गप्पिष्ट म्हणून हाकललेली मी. आणि मी नसताना त्या घरातला आवाजच गेला होता. एवढ्याशा टिंबात केवढं राहत होतं, ते माझं मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. इंग्रजी अक्षरांत एकच शब्द. बी, ए, आर, ए.

"बारा!" आत्या टाळी वाजवून म्हणाली. "रविवारी बारा वाजता येतेय. म्हटलं होतं ना, माझ्यावर फार वेळ रुसायची नाही!"

वहिनी जरा घुटमळल्या. "आत्या, ते 'बरं' असेल. बरं, बघते, अशा अर्थी."

"मग टिंब कुठाय?"

"अहो, इंग्रजीत ती टिंब कुठून आणणार?"

"हे बघा वहिनी, मी वेळ विचारली, तिने वेळ सांगितली. किती वाजता येशील म्हटल्यावर 'बरं' कोण म्हणेल?"

रुसलेलं माणूस म्हणेल, असं वहिनींच्या ओठांवर आलेलं दिसलं. पण आत्याचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

रविवारी आत्या छत्री आणि डबा घेऊन स्टँडवर गेली. ऊन मावळलं तेव्हा परतली. डबा तसाच जड होता. चपला न काढताच ती टेबलाशी बसली आणि टंकू लागली. मध्येच तिचं बोट सवयीने माझ्यावर आलं. मी खड्ड्यात. ते बोट क्षणभर तिथेच राहिलं. मग तिने माझ्याऐवजी कुठे अर्धा ण, कुठे अर्धा न घेतला, आणि जुन्या पोथीत असतं तसं लिहिलं. एका टिंबाचं काम करायला सगळा अर्धा न बोलवावा लागला!

'मी बारापासून स्टॅण्डवर होते. प्रत्येक गाडी पाहिली. काही अडचण आली असावी. तू निवडली गेलीस याचा मला अतिशय आनन्द झाला, ते त्या दिवशी लिहायचे राहून गेले. चिन्ता नको. जपून जा.'

पुढचं मी भिंगरीच्या तोंडून ऐकलं, ती आत्याला सांगत होती तेव्हा. हा निरोप तिने सामान बांधता बांधता वाचला. 'बारापासून' वाचून तिला काही उमगेना. मग आपला शब्द तिने आत्याच्या डोळ्यांनी वाचला आणि तोंडावर हात धरला. वेळ विचारणाऱ्या बाईला आपण 'बरं' म्हणालो होतो, तेही फणकाऱ्याने, आणि ती उन्हात उभी राहिली होती!

मग तिची नजर 'आनन्द'वर अडकली. आत्या रागावेल, रुसेल, नोटीसही पाठवेल. पण 'आनन्द'? 'चिन्ता'? 'स्टॅण्ड'? तिने मागचा निरोप उघडला. त्यात एकही टिंब नाही. एकही! 'असे', 'लिहिले', 'दुखावले'. तिला वाटलं होतं, आत्या परकी झाली म्हणून असं लिहितेय. आत्याचं टिंबच हरवलं होतं!

मग शेवटचं टिंब कुठे होतं? ते शोधत ती मागे मागे गेली. गट सोडला असला तरी आधीचं लिहिलेलं तिच्याकडे होतं. आणि तिथे ते सापडलं. 'निवडलं. टिंब विसरलीस.' यावेळी तिने ते मोठ्याने वाचलं. एकटीच, बांधलेल्या सामानात बसून, आत्याच्या आवाजात. त्यांना आवाज मिळाला आणि त्या दोन शब्दांतून खिडकीजवळचं टेबल, मांडी, पळणारं मांजर, सगळं धडाधड बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. आत्याने उघडलं. दारात भिंगरी, पाठीवर पिशवी, केस विस्कटलेले. 'बरी आहेस का?' नाही, नमस्कार नाही.

"आत्या, तुझं टिंब कुठाय?"

आत्या म्हणाली, "चहात बुडालं."

भिंगरीने केसांतली पिन काढली, माझ्या कडेला घातली आणि मला अलगद उचललं. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या घराबाहेर आले. तिच्या तळहातावर बसून मी खाली माझी जागा पाहिली. बिस्किटाचा चुरा, मांजराचा एक केस, वाळलेला चहा, किती वर्षांची धूळ. तिने कोमट पाण्यात कापूस बुडवून मला पुसलं, तशीच ती जागाही.

पुसता पुसता म्हणाली, "सगळ्यांसमोर लिहिलंस गं. मला वाटलं, आयुष्यातली एवढी मोठी बातमी, आणि हिला टिंबाचं पडलंय."

"मला वाटलं, तुला आपला खेळ आठवेल."

"लिहिलेल्याला आवाज नसतो, आत्या."

"नसतो, हे शिकले. पण तूही 'बरं'ला टिंब दिलं असतंस, तर मला ऊन लागलं नसतं." मग आत्या म्हणाली, "चुकलं माझं. आधी शाबास म्हणायला हवं होतं. टिंब कुठे पळून जात होतं?"

भिंगरीने मला जागेवर बसवलं आणि दाबलं. टक्. मी खाली गेले. आणि वर आले! मित्रांनो, श्वास कोंडलेल्या माणसाला हवा मिळते तेव्हा कसं वाटतं, ते मला विचारा.

मग भिंगरीने कोऱ्या पानावर लिहिलं, 'मला निवडल'. आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून, छताकडे बघत गप्प बसून राहिली.

आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती म्हणाली, "टिंब विसरलीस."

तेच दोन शब्द. त्या दिवशी पडद्यावर गेलेले, काडीनेही कमी-जास्त नाही. पण आज त्यांना आवाज होता, आणि पाठीवर फिरणारा हात होता. भिंगरीचं बोट माझ्यावर आलं. यावेळी ते कोरडं नव्हतं. हसता रडता तिने नाक पुसलं होतं, त्याच हाताचं ते बोट. मी बिलकूल मनावर घेतलं नाही. टक्! 'निवडलं'.

वहिनी दारातून डोकावल्या. "झाला का तह? मग चहा टाका. पण कप लांब ठेवा हं, त्या बिचारीपासून."

बिचारी म्हणजे मी. माझ्याबद्दल कुणी बोललेलं ते पहिलंच वाक्य.

चहा पिताना भिंगरी म्हणाली, "जहाजावरून फार थोडी अक्षरं पाठवता येतील, आत्या. तिथे लाट पोचते, निरोप पोचत नाही. मला स्वर टाकावेच लागतील."

"टाक हो. स्वर मी इकडे भरून घेईन," आत्या म्हणाली. "आणि मी पूर्णविराम देईन. दार आपटलं असं समजू नकोस. दार लोटून घेतलं, थंडी आत येऊ नये म्हणून, असं समज."

"बरं."

"कुठलं बरं?"

"टिंबवालं!"

आता भिंगरी समुद्रावर आहे. जिथे तळ मोजायला आवाज खाली सोडतात आणि तो परत यायची वाट बघतात, अशा ठिकाणी. अधूनमधून खिडकीजवळच्या पडद्यावर पाच अक्षरं येतात. जे, व्ही, एल, एस, के. मी अजूनही थक्क होते. एवढं पाणी ओलांडून येतात ती, आणि एक थेंब लागलेला नसतो. आत्या लिहिते, 'हो, झालं.' त्यातलं टिंब मी देते.

आणि परवा काय झालं, सांगू? आत्याने तिला काळजी घ्यायला सांगितलं होतं. उत्तर आलं. बी, ए, आर, ए. आणि पुढे एक जागा सोडून, टी, आय, एम, बी. आत्याला समजायला क्षणभर लागला, आणि मग ती अशी हसली, की वहिनी मशीन थांबवून धावत आल्या. थोडी अक्षरं पाठवायची परवानगी असलेल्या मुलीने, त्यातली चार टिंबासाठी खर्च केली होती! असला शब्द कुठल्या व्याकरणात बसत नाही आणि कुठल्या टवाळ पोरांनीही काढलेला नाही. तो त्या दोघींचा आहे.

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या खुणा आता पार पुसल्या गेल्यात. परकं माणूस आलं तर मी कोण ते त्याला सांगता येणार नाही. तरी तुम्हाला एवढंच सांगते. आमच्याशेजारी चहा ठेवू नका, आणि अडकलेल्या कळेला केर समजू नका. मित्राला लिहिताना स्वर गाळा, शब्द मोडा, तुमच्या भाषेत काय लागेल ते करा. पण कुणी आनंदाची बातमी दिली तर आधी शाबास लिहा, टिंब मागाहून द्या. आणि पडद्यावरचे दोन शब्द काळजाला लागले, तर गट सोडायच्या आधी ते एकदा लिहिणाऱ्याच्या आवाजात मोठ्याने वाचून बघा.

लोक म्हणतात, माझ्या अंगावरचं टिंब झिजून गेलं. मला तसं वाटत नाही. ते समुद्रावर गेलंय.

कळलं?